वाचक क्रमांक अठ्ठ्याऐंशी

पुठ्ठेकाकांनी जन्मात एकच खोटं काम केलं. फक्त ते अकराशे त्रेचाळीस वेळा केलं, एवढंच. आता कोणी म्हणेल, मग माणूस लबाडच की! तर मुळीच नाही. बायकोने चहा कसा झालाय विचारलं, की हा गृहस्थ खरं सांगायचा आणि उरलेला दिवस त्याची फळं भोगायचा. अशा सरळ माणसाच्या हातून हे झालं कसं, ते सांगतो.

देशाचं चित्रपट मंडळ म्हणजे सहा मजल्यांची एक इमारत आणि तिच्या पोटात एक तळघर. वरच्या मजल्यांवर सिनेमा कसा असावा यावर बैठका व्हायच्या. तळघरात सिनेमा प्रत्यक्षात कसा झाला होता, त्याचे कागद होते. फिल्मची रिळं इथे नव्हती, ती गावाबाहेरच्या गोदामात. इथे नुसते कागद. सत्तर वर्षांत मंडळाने काढलेल्या एकूण एक सिनेमाची पत्रं, परवानग्या, कपड्यांच्या याद्या, रोजच्या शूटिंगचे अहवाल, तक्रारी, तक्रारींवरचे खुलासे आणि त्या खुलाशांवरच्या नव्या तक्रारी. सगळी मिळून अकराशे चव्वेचाळीस पुठ्ठ्याची खोकी. ती सांभाळणारे म्हणून हे पुठ्ठेकाका. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तो वाचायला कोण जातंय!

तळघरात उतरायला बेचाळीस पायऱ्या. लिफ्ट होती, पण ती तळमजल्यावर येऊन थांबायची आणि त्याखाली जायचं नाव काढायची नाही. खाली लोखंडी मांडण्या, वाचकांसाठी एक टेबल, दोन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी, आणि भिंतीवर पाटी: 'कृपया शांतता राखा'. ती राखायला पाटीची गरज नव्हती. वर्षाकाठी एखादा प्रबंधवाला विद्यार्थी यायचा. एक निवृत्त इन्स्पेक्टर यायचे, पण ते गारव्यासाठी. कुठलंही खोकं समोर ठेवा, दहाव्या मिनिटाला घोरायला लागायचे.

अकरा वर्षांपूर्वी वरून एक परिपत्रक आलं. ज्या खोक्याची बारा वर्षांत एकाही वाचकाने मागणी केली नाही, त्याला लाल दोरा बांधावा आणि ते कागद लगदा करायला गिरणीत पाठवून द्यावेत. पुठ्ठेकाकांनी ते तीनदा वाचलं. मग त्यांनी बोटांवर मोजलं. विद्यार्थी आणि घोरणारे इन्स्पेक्टर धरून बारा वर्षांत फार तर पन्नास खोकी वाचतील. बाकी सगळ्यांचा लगदा! काकांच्या पायाखालची जमीनच सरकली. आयुष्यभर जे झाडलं-पुसलं, वाळवीपासून वाचवलं, त्याची उद्या कोणीतरी अंड्यांचे ट्रे करून विकणार?

कर्मचाऱ्याला स्वतः खोकं मागता येत नाही, असा नियम. मागणीच्या चिठ्ठीवर वाचकाचा क्रमांक हवा, खोक्याचा क्रमांक हवा, प्रयोजन हवं आणि वाचकाची सही हवी. काकांनी टेबलाचा खण उघडला, तर त्यात एक वाचकपत्र पडलेलं. क्रमांक अठ्ठ्याऐंशी. फोटोत त्यांच्या सासूबाई, कॅमेऱ्याकडे असं बघतायत की जणू त्यानेच काहीतरी चोरलंय.

आता सासूबाईंचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. सासूबाई काकांच्याच घरी राहायच्या. उंची चार फूट दहा इंच, आवाज मात्र सहा मजली. त्यांच्या आयुष्यात एक मोठी गोष्ट घडली होती आणि ती घरातल्या भिंतींनाही पाठ होती. नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या गावच्या पुलावर मंडळाच्या एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. पूर आलाय, लोक गाव सोडून पळतायत असा प्रसंग. "मी पुलावरून धावत येते. काखेत कोंबडी. सगळ्यांच्या पुढे मी!" असं त्या सांगायच्या. सिनेमा दाखवा म्हणावं, तर सोय नाही. पुराचा तो सिनेमा गोदामात पाणी शिरून गेला. एक रीळ शिल्लक नाही. त्यामुळे घरात कोणी थाप मारली, की त्यांची मुलगी हळूच म्हणायची, "हो हो, काखेत कोंबडी." सासूबाई तेवढ्यापुरत्या गप्प व्हायच्या. हसण्यावारी न्यायच्या, पण ते त्यांना लागायचं.

वाचकपत्र त्यांनी त्यासाठीच काढलं होतं. स्वतः येऊन आपला कागद शोधणार म्हणून. आल्या, बेचाळीस पायऱ्या बघितल्या, गुडघ्याला विचारलं, गुडघा नाही म्हणाला. आल्या पावली परत गेल्या. काकांनीच मग पुराच्या सिनेमाचं खोकं उघडून बघितलं. हजेरीत एकच ओळ होती: 'गर्दी, दोनशे.' नावं नाहीत. खरं बोलायची खोड म्हणून संध्याकाळी त्यांनी तसं सांगितलं.

"आई, तुमचं नाव नाही."

त्यानंतर एकवीस दिवस सासूबाई जावयाशी बोलल्या नाहीत. समोरासमोर जेवायला बसायचं आणि मुलीला म्हणायचं, "तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ दे म्हणावं."

तर ते वाचकपत्र समोर पडलेलं आणि डोक्यावर ते परिपत्रक. काकांनी चिठ्ठी घेतली. वाचक क्रमांक ८८. खोकं क्रमांक १. प्रयोजन: अभ्यास. सही डाव्या हाताने केली, म्हणजे ती थेट सासूबाईंसारखी वाकडी आली. दर मंगळवारी एक आणि दर शुक्रवारी एक, असं आठवड्याला दोन खोक्यांचं व्रत त्यांनी धरलं. खोटंच करायचं तर निदान इमानदारीने करायचं, म्हणून त्यांनी स्वतःला एक दंडक घालून घेतला. चिठ्ठी लिहिली की ते खोकं टेबलावर आणायचं, उघडायचं आणि तळापर्यंत वाचायचं. कोणीतरी वाचलं, एवढं तरी खरं असू दे.

आणि वाचलेलं पोटात राहतंय थोडंच! संध्याकाळी ताटावर बसले, की काका सुरू.

"आज काय वाचलं माहितीये? दिग्दर्शकाने पत्र लिहिलंय, बारा घोडे पाठवा, शांत स्वभावाचे. पुरवठा विभागाचं उलट पत्र: शांत म्हणजे किती?"

बायको म्हणायची, "अहो, भाजी निवतेय."

"एका नटाची तक्रार आहे. त्याची मिशी दुसऱ्या नटाला लावली म्हणून. चार महिने पत्रव्यवहार!"

"जावईबापू," सासूबाई म्हणायच्या, "तुमचं पुराण झालं असेल, तर जेवा आता. मेल्या नटाच्या मिशीने आमचं पोट भरत नाही." आणि मग दोन घास झाले, की हळूच, "मिळाली का पण त्याला?"

"काय?"

"मिशी हो!"

अशी अकरा वर्षं गेली. तळघरात अकराशे त्रेचाळीस चिठ्ठ्या जमल्या. राहिलं एकच खोकं, शेवटचं. त्यावर लिहिलं होतं 'हरवले-सापडले, किरकोळ'. येत्या शुक्रवारी ते झालं की गंगेत घोडं न्हालं, असं काका मनाशी म्हणत होते, आणि मंगळवारीच संचालकसाहेबांनी वर बोलावलं.

साहेब खुशीत होते. "काका, समिती येतेय. तळघर ठेवायचं की बंद करायचं, ते ठरवायला. गुरुवारी."

काकांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"घाबरता काय? मी तुमच्या चिठ्ठ्या मोजून घेतल्या. अहो, देशात कुठल्याही दप्तराला असा वाचक नाही! एक बाई, अकराशे त्रेचाळीस खोकी! मी समितीला कळवलंय, आमच्या वाचक क्रमांक अठ्ठ्याऐंशी स्वतः हजर राहतील. त्यांच्याशी बोला आणि मग ठरवा. कोण आहेत हो या विदुषी?"

"आहेत एक," काका म्हणाले. "घरगुती आहेत."

समितीच्या अध्यक्षबाईंना सगळ्या खात्यांत 'कुलूपबाई' म्हणत. त्या जिथे पाहणीला जात, तिथे पुढच्या महिन्यात कुलूप लागे. दोन वाचनालयं आणि एक संग्रहालय त्यांनी असंच मिटवलं होतं. आता वाचक आली नाही, तर सगळी खोकी गिरणीत. आली आणि तिला काही सांगता आलं नाही, तर खोकी गिरणीत आणि काका घरी, तेही निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली असताना. इकडे आड, तिकडे विहीर. काकांना नोकरीचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण बस येईपर्यंत त्यांच्या डोळ्यांसमोर नाचत होते ते अंड्यांचे ट्रे.

घरी येऊन त्यांनी बूटही न काढता सगळं कबूल केलं. बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, माझ्या आईच्या नावावर? अकराशे वेळा? दुसरं कोणी मिळालं नाही?"

सासूबाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "म्हणजे सरकारदरबारी मी शिकलेली बाई आहे?"

"विदुषी म्हणाले साहेब."

"हं." त्यांनी पदर सारखा केला. "येते मी. पण माझी एक अट आहे, जावईबापू. माझा कागद काढून द्यायचा. मी पुलावर होते त्याचा."

"आई, मी बघितलं होतं तेव्हा. नावं नाहीत हो त्यात."

"तेव्हा एक खोकं बघितलंत. अकराशे आहेत ना तुमच्याकडे? मी त्र्याहत्तर वर्षांची झाले. माझी मुलगी मला हसते, नातवंडं हसतात. परवा मला स्वतःलाच वाटलं, म्हातारे, खरंच गेली होतीस का तू पुलावर, की सांगून सांगून खरं वाटायला लागलंय?" त्यांचा सहा मजली आवाज एकदम तळमजल्यावर आला. "ते मला मरायच्या आधी कळायला हवं."

काका म्हणाले, "शोधतो, आई." दुसरं काय म्हणणार!

बुधवारी सकाळी त्यांनी शेवटचं खोकं उघडलं. आत शूटिंगच्या जागी हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची एक जाडजूड वही. छत्र्या सतरा. कवळी एक, खालची. टोप, स्त्रीचा, एक. काका पानं उलटत गेले आणि एका नोंदीवर त्यांचं बोट थबकलं: 'कोंबडी, तपकिरी, एक. पुलाच्या कठड्याखाली सापडली. मालकास परत. अहवाल सोबत.' टाचणीने जोडलेला एक पिवळा कागद. पुराच्या सिनेमाचा त्या दिवसाचा अहवाल! कुणा शहाण्याने तो सिनेमाच्या खोक्यात न लावता कोंबडीबरोबर लावला होता. दप्तरातल्या माणसांनाच असली चूक जमते. त्यांच्या लेखी सिनेमा नव्हता हरवला, कोंबडी हरवली होती.

काकांनी कागद वाचला आणि ते मटकन खुर्चीत बसले, नेमके डुगडुगणाऱ्या.

कागदावर लिहिलं होतं: 'पुलावरील गर्दीचे दृश्य. उशिराचे कारण: पुलाजवळच्या सुताराची धाकटी मुलगी, वय नऊ, काखेत कोंबडी. धावताना प्रत्येक वेळी कॅमेऱ्याकडे पाहून हसते. पुरात कोणी हसत नाही, हे समजावूनही उपयोग नाही. सहा टेक वाया. सातव्या वेळी मुलीस गर्दीतून काढून टाकले. त्या गडबडीत कोंबडी सुटली. उर्वरित दृश्य मुलीविना पूर्ण केले.'

म्हणजे सासूबाई सिनेमात नव्हत्याच. चौसष्ट वर्षं ज्याच्यावर त्या ताठ मानेने जगल्या, ते झालंच नव्हतं. पुलावर होत्या, पण पडद्यावर नव्हत्या.

काकांनी तोपर्यंत एकही कागद खोक्याबाहेर नेला नव्हता. कोणी टाचणी वाकडी लावली तरी त्यांचा जीव वरखाली व्हायचा. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कागद टाचणीतून काढला, घडी घातली आणि खिशात टाकला. संध्याकाळी सासूबाईंनी नुसतं भुवईने विचारलं. काका म्हणाले, "नाही मिळाला, आई." आता हे अकराशे चव्वेचाळिसावं खोटं. पण आधीच्या अकराशे त्रेचाळिसांनी जे झालं नव्हतं ते याने झालं. काका अर्ध्या ताटावरून उठले.

गुरुवारी सासूबाई नवी साडी नेसून निघाल्या. बेचाळीस पायऱ्यांवर उपाय त्यांनी स्वतःच शोधला. गेटवरच्या दोन पहारेकऱ्यांना बोलावलं, खुर्ची मागवली आणि तीत बसून राणीसारख्या खाली उतरल्या. "हळू रे बाबांनो, विदुषी आहे, सांडेल," अशी सूचनाही केली.

खाली टेबलाशी समिती बसलेली. मधे कुलूपबाई, एका बाजूला सतत लिहिणारे एक गृहस्थ, दुसऱ्या बाजूला सतत मान हलवणारे एक. संचालकसाहेब मागे हात चोळत उभे. कुलूपबाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

"अकरा वर्षांत अकराशे त्रेचाळीस खोकी. सगळ्यांचं प्रयोजन 'अभ्यास'. कसला अभ्यास?"

"माणसांचा," सासूबाई म्हणाल्या.

लिहिणाऱ्या गृहस्थांनी ते लिहून घेतलं. कुलूपबाईंनी मधलीच एक चिठ्ठी उपसली. "खोकं क्रमांक दोनशे सहा. काय होतं त्यात?"

काकांनी डोळे मिटले. संपलं सगळं.

"नंबर मला नका विचारू, बाई. नंबर जावईबापूंचे. कशाचं होतं ते सांगा."

"वेशभूषा विभाग, पत्रव्यवहार."

"अगं बाई, ती मिशीची भानगड!" सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "नायकाची मिशी खलनायकाला लावली. नायक म्हणतो, माझ्या मिशीला मान आहे. चार महिने पत्रं. शेवटी मिशी सापडली, पण धुतल्यामुळे आटली. मग ती लावली पोस्टमनला."

मान हलवणाऱ्या गृहस्थांची मान थांबली. कुलूपबाईंनी दुसरी चिठ्ठी काढली. "पुरवठा विभाग, जनावरे."

"बारा शांत घोडे. त्यातला एक इतका शांत, की लढाईत झोपला. दिग्दर्शकाने तो मेलेला घोडा म्हणून वापरला. आणि मेल्याने नेमकी तेव्हाच शेपटी हलवली!"

"सजावट विभाग."

"कापडी चंद्र. दुसऱ्या युनिटने नेला तो परत देईना. सहा स्मरणपत्रं. शेवटी उत्तर आलं, चंद्र पाठवत आहोत, पण अर्धाच आहे. माणसं काय एकेक नग होती हो!"

आता समितीलाच गंमत वाटायला लागली. त्यांनी विचारावं आणि सासूबाईंनी सांगावं, असं तासभर चाललं. कुठली नटी कुणावर रुसली होती, कुठल्या लेखकाने शेवटच तीन वेळा बदलला, सगळं मुखोद्गत. वर स्वतःचं मतही. पुठ्ठेकाका आ वासून ऐकत राहिले. अकरा वर्षं ताटावर बसून आपण भिंतीशी बोलतोय असं त्यांना वाटत होतं. आणि ही बाई, "पुराण पुरे" म्हणता म्हणता, शब्दन् शब्द ऐकत होती! काकांना भरूनच आलं.

पण कुलूपबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. "सगळं ठाऊक आहे तुम्हाला, मान्य. मात्र या सह्यांची शाई आणि क्रमांक लिहिणाऱ्याची शाई एकच दिसते. असो, त्याच्याकडे नंतर येऊ. अकराशे चव्वेचाळिसावं खोकं का राहिलं?"

"राहिलंय खरं," सासूबाई म्हणाल्या. "द्या ती चिठ्ठी. आत्ता मागते, तुमच्यासमोर."

आणि त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चिठ्ठी भरली. फक्त प्रयोजनाच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना, म्हणून तो कोरा ठेवला. काकांनी पाय ओढत खोकं आणून टेबलावर ठेवलं. सासूबाई वही उलटू लागल्या. छत्र्या, कवळी, टोप. कुलूपबाईंचं लक्ष पानावरच.

"कोंबडी!" सासूबाई ओरडल्या. "तपकिरी! पुलाच्या कठड्याखाली! माझी कोंबडी आहे ही!"

"'अहवाल सोबत'," कुलूपबाईंनी वाचलं. पानावर नुसती टाचणी होती. त्यांनी मान वर केली. "कागद कुठे आहे?"

तळघरात शांतता पसरली. पाटीची इच्छा पुरी झाली एकदाची. संचालकसाहेबांचे हात चोळता चोळता थांबले. दप्तरातला कागद नाहीसा होणं म्हणजे काय, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. काकांनी सासूबाईंकडे बघितलं आणि खिशात हात घातला.

"माझ्याकडे आहे. काल मीच काढला." "नका वाचू, आई. कृपा करून नका वाचू."

सासूबाईंनी कागद घेतला. लांब धरला, जवळ धरला. कुलूपबाईंनी न बोलता आपला चष्मा काढून पुढे केला. सासूबाई सावकाश वाचत गेल्या, ओठ हलवत. शेवटच्या ओळीशी त्या थांबल्या.

"मला काढलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, कोंबडी सुटली म्हणून मी तिच्यामागे गेले." डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. "इतकी हसत होते का मी? हसत असेन. एवढा मोठा कॅमेरा कधी बघितला होता आम्ही! सगळं गाव माझ्यामागे धावतंय असं वाटलं होतं मला."

"आई, चुकलं माझं," काका म्हणाले. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"गप्प बसा हो!" त्यांनी नाक ओढलं आणि कागद पुन्हा वर धरला. "जावईबापू, मला एक सांगा. बाकीचे जे सिनेमात राहिले, शहाण्यासारखे रडत पळाले, त्यांचं काय आहे तुमच्याकडे?"

काकांनी आठवलं. "'गर्दी, दोनशे.' एवढंच."

"सिनेमा?"

"गेला, आई. पाण्यात."

"म्हणजे त्यांचं काही नाही."

"काहीच नाही."

"आणि माझं?"

काकांनी उत्तर द्यायच्या आधी कुलूपबाईच बोलल्या. त्यांनी चष्म्याशिवाय डोळे बारीक करून वाचलं, "'पुलाजवळच्या सुताराची धाकटी मुलगी, वय नऊ, काखेत कोंबडी. कॅमेऱ्याकडे पाहून हसते.'" मग त्या म्हणाल्या, "तुम्ही आहात, आजी."

सासूबाई हसायला लागल्या. आधी हळू, मग सहा मजली. "सहा टेक वाया घालवले मी! सहा!"

कुलूपबाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा नीट केला आणि काकांकडे वळल्या. "दप्तराला एक वाचक लागतो आणि एक सांगणारा. तुमच्याकडे दोघांनी मिळून एका क्रमांकावर काम केलं, असं मी लिहीन. यापुढे दोन क्रमांक घ्या. सही उजव्या हाताने करा. आणि मला एक वाचकपत्र द्या. चंद्राचं खोकं कितवं?"

"पाचशे एकतीस," काका म्हणाले. ते सांगताना त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी पुसलंही.

समिती वर निघाली. पहारेकरी खुर्ची घेऊन आले. सासूबाईंनी त्यांना थांबवून पेन मागितलं आणि चिठ्ठीवरच्या प्रयोजनाच्या कोऱ्या रकान्यात मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं: 'मी होते.'

"आई," काका म्हणाले, "नियम मोडतो मी. हा कागद घरी घेऊन चला. नातवंडांना दाखवा. कोणी काही म्हणणार नाही."

सासूबाईंनी कागदावरची घडी तळहाताने सपाट केली. मग वहीतली टाचणी उचलून तो होता तिथे, कोंबडीच्या नोंदीशेजारी, स्वतःच लावला, अगदी सरळ.

"राहू दे इथेच," त्या म्हणाल्या. "घरी काय, मी आहे तोवर मीच सांगेन. नंतर हा लागेल."